बापाच्या नावाखालचे उल्लेख

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. मुलांना सांगायची तर हिब्रूत सांगावी लागली असती, आणि हिब्रूत मी फक्त सरकारी कागद भरतो. चूक कबूल करायला मला मराठीच लागते. इतकी वर्षं गप्प बसायला मला तेवढं कारण पुरलं.

सत्तरच्या दशकात मी इस्रायलमध्ये, नेगेव वाळवंटातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात कारकून होतो. कुणाला क्विउत, म्हणजे कायमची नोकरी, द्यायची वेळ आली की समिती आमच्याकडे त्याच्या निबंधांची यादी पाठवी. निबंध किती, आणि जगात दुसऱ्यांनी आपल्या लेखनात त्यांचा उल्लेख किती वेळा केला, हे मोजायचं. त्यासाठी परदेशातून उल्लेखसूचीचे जाडजूड खंड येत. अक्षरं मुंगीएवढी. लेखकाचं आडनाव काढायचं, त्याच्या निबंधाखाली कुणाकुणाची नावं छापलीत ते भिंगातून बघायचं, त्यानं स्वतःच स्वतःचा केलेला उल्लेख वगळायचा, बाकीच्यांच्या रेघा मारायच्या.

एकदा यादी आली ती आमच्याच, म्हणजे महाराष्ट्रातून इथं आलेल्या ज्यूंपैकी एकाची. ठाण्याचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, मातीतल्या क्षारांवर काम करणारा. जवळच्या डिमोना गावात आम्ही एकाच जिन्याला राहायचो. मुंबईत मी बीएस्सीला दोनदा नापास झालो हे संस्थेत फक्त त्याला ठाऊक होतं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण चारचौघांत मला "काय पुस्तकांचे वॉचमन!" म्हणून हाक मारी. आमची माणसं हसत. मीही हसे.

यादी आली त्याच आठवड्यात तो ग्रंथालयात आला.

"वॉचमन, माझी मोजणी तुझ्याकडे आलीय म्हणे."

"ते सांगायची परवानगी नाही, दादा."

"नको सांगू. एवढंच ध्यानात ठेव, मुंबईचे निबंध बापाच्या नावानं बघ. इथल्या बायांना ते कळायचं नाही. तू घरचा आहेस म्हणून मी निर्धास्त."

आमच्या लोकांत तेव्हा स्वतःचं नाव आणि पुढं बापाचं नाव, एवढंच लावायची पद्धत होती. गावावरून पडलेलं, 'कर' लागणारं आडनाव इथं उतरल्यावर त्याच्या कागदांवर चढलं. त्यामुळे सूचीत तो दोन माणसं होता.

मी बघितलं. 'कर' आडनावाखाली सहा रेघा झाल्या. मग बापाच्या नावाचा खंड काढला. मुंबईत लिहिलेल्या एका निबंधाखाली नावांची रांग लागली होती. जपानी, डच, रशियन. पुढच्या वर्षाचा खंड काढला, त्याच्या पुढचा काढला. दर वर्षी कुणी ना कुणी होतंच. मला आधी अभिमान वाटला, खरंच वाटला. मग वाटलं, हा आता कायम होणार, वर चढणार, आणि मी निवृत्त होईपर्यंत मला वॉचमन म्हणणार.

आमच्या प्रमुख बाई रुमानियाच्या. त्यांना मी साळसूदपणे विचारलं, "यादीवर जे नाव आहे त्याच नावानं मोजायचं ना?"

"मग काय त्याच्या मावशीच्या नावानं?" बाई हसल्या.

मी सहा रेघांचा कागद वर पाठवला. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं लोक म्हणतील म्हणून घाबरलो, असं मी पुढं स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं आहे. मी अजिबात घाबरलो नव्हतो.

त्याला कायम केलं नाही. त्यानं मला जिन्यात गाठलं. वॉचमन म्हणाला नाही.

"बापाच्या नावानं बघितलंस ना रे?"

"बघितलं."

"काहीच नव्हतं?"

"फारसं नाही, दादा."

तो कठड्याला धरून उभा राहिला. "म्हणजे कुणी वाचलाच नाही," म्हणाला. "मला वाटायचं, निदान तेवढा एक तरी बरा उतरलाय."

पुढं तो मित्स्पे रामोन या लांबच्या गावी शाळेत विज्ञान शिकवायला गेला. त्यानंतर त्यानं एकही निबंध लिहिला नाही.

वर्षाच्या मोठ्या उपासाआधी, ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याकडे जाऊन माफी मागायची, ही आमची रीत. दर वर्षी तो बसनं डिमोनाला यायचा, जुन्या शेजाऱ्यांकडे जायचा, आणि माझ्याकडे आला की म्हणायचा, "चारचौघांत तुला फार चिडवलं रे. माफ कर."

"मलाही माफ कर, दादा."

"तू काय केलंस?"

दर वर्षी तो हे विचारी, आणि दर वर्षी मी चहा टाकायला आत जाई.

ऐंशीच्या दशकात तो गेला. सुतकाच्या सात दिवसांत मी भेटायला गेलो. त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, तुमच्यावर फार जीव होता त्यांचा." खोलीत माणसं होती. मी मान हलवली आणि शेवटच्या बसनं परत आलो.

दादा, तुझा निबंध लोकांनी वाचला होता. दूरदूरच्या देशांत वाचला होता, वर्षानुवर्षं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि जळून लपवलं. मला माफ कर.