तिला खो देऊ नका

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीट कळत नाही.

मी हिवरखेडची. आई डोक्यावर टोपली घेऊन घरोघरी भाजी विकायची. शाळेआधी मीही तिच्यासोबत फिरायचे. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. वर्गातल्या वैशालीने माझं नावच 'सांभार' पाडलं. मी आत शिरले की ती नाक दाबायची — आणि सगळा वर्ग हसायचा.

मी मोडले कशी नाही? संध्याकाळच्या खो-खोमुळे. पाठीवर थाप पडायची, 'खो' ऐकू यायचा, की मी सुटायचे. धावता धावता हसू यायचं. घरी पोचेपर्यंत दिवसभराचं सगळं अंगावरच्या धुळीसारखं झटकलं गेलेलं असायचं. त्या खेळानेच मला अमरावतीला शिकायला नेलं, घरातली पहिली पदवी दिली, अकोल्याच्या शाळेत खेळाची शिक्षिका केलं. मी मैदानाची ऋणी आहे. म्हणूनच — पुढचं लिहिताना हात अडतो.

बऱ्याच वर्षांनी वैशाली मुलीला आठवीत घालायला आमच्याच शाळेत आली. सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाली, "अवं सांभार, तू मॅडम कवा झाली वं?"

सगळे हसले. मीही हसले.

तिची मुलगी सई गरीब स्वभावाची. नव्या शाळेत मैत्रीण नाही, गणितात सारखी नापास, डोळे कायम भरलेले. पण मैदानावर बदलायची. पडली तरी हसत उठायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत यायची. ती कशाच्या बळावर उभी आहे, हे मला नेमकं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला असणार?

मी कर्णधार मुलीला बोलावलं. "सईले खो देऊ नका. आधी शिस्त शिकू दे तिले."

मॅडमनी सांगितलं — पोरींनी पाळलं. सई रांगेत, आपल्या चौकोनात उकिडवी, हात जमिनीला टेकून थापेची वाट पाहायची. आजूबाजूच्या मुली उठायच्या, धावायच्या. ती बसूनच. रोज.

"मॅडम, माहं काही चुकून राहिलं का?" एकदा तिने विचारलं.

"बस. बसनं बी खेळच असते."

मग तिने मैदानावर यायचं सोडलं. पुढे एका परीक्षेत नापास झाली — आधीही व्हायची — पण या वेळी अंथरुणातून उठेना.

वैशाली भेटायला आली. या वेळी मला 'मॅडम' म्हणाली. "आधी खेळून आली का हासत राहे, मॅडम. आता बोलतच नाही. तुमी तरी सांगा, काय झालं तिले?" तिने हात जोडले होते.

"वय असते असं," मी म्हणाले.

सई शाळेत परत आली नाही. ती मला आठवते — उकिडवी, मान किंचित मागे वळवलेली — तेव्हा लाज वाटते. आणि वैशालीचे जोडलेले हात आठवतात, तेव्हा — अजूनही — बरं वाटतं.