एका वर्षाची जागा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि आता तर तोही राहिला नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला धड कळत नाही.

माझा धाकटा भाऊ अरुण अकोटला शिवणकाम करतो. त्याची थोरली मुलगी प्रतीक्षा बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. अमरावतीत माझ्या घरापासून जवळच मुलींचं एक लहानसं कॉलेज होतं. अरुण म्हणाला, "ताई, तू तिले नेऊन दाखव. मले त्यातलं काय समजते? तू म्हणशीन तसं करू."

मी घेऊन गेले. एकमजली इमारत, मागे कडुनिंब, मुलींच्या सायकली. प्राणिशास्त्राच्या बाईंनी आमच्यासाठी प्रयोगशाळा उघडली. प्रतीक्षानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो काढेचना. "आत्या, पाहा ना, माशीचा पंख कसा जाळीवानी दिसते." मी वाकून पाहिलं. मला काही दिसलं नाही, तरी हो म्हटलं.

प्राचार्यबाई म्हणाल्या, प्रवेश पक्का समजा. होस्टेल मात्र भरलंय, खोली पुढच्या वर्षी मिळेल. एक वर्ष नात्यात कुठे सोय होईल ना?

प्रतीक्षानं माझ्याकडे पाहिलं. मी हसले. घरी येताना ती रस्ताभर बोलत होती — "पोळ्या मी करत जाईन, आत्या. तुमाले काईच तरास नाई होऊ देणार."

आता कसं सांगू? माझी सासू त्याआधीच्याच हिवाळ्यात वारली होती. कित्येक वर्षं ती अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्यासोबत मीही. घर पहिल्यांदाच माझं झालं होतं. दुपारी दार लावून मी नुसती पडून राहायचे. कुणी हाक मारत नव्हतं. त्या घरात मला कुणीच नको होतं — ही गुणाची पोरसुद्धा. मग तसंच सांगता आलं नसतं का? 'अरुण, मला जमणार नाही' म्हटलं असतं, तर त्यानं दुसरीकडे सोय पाहिली असती. पण मग मी वाईट ठरले असते. सख्खी आत्या असून भाचीला ठेवून घेत नाही — ते मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तिला अकोटला पोहोचवायला गेले. भावजयीनं चहा केला. अरुणनं मशीन थांबवलं. "कसं हाय मंग कॉलेज?"

मी म्हटलं, "काही खरं नाही तिथलं. शिकवायले कोणी येत नाही. गेटवर दिवसभर पोरं उभे असतात. पोरीच्या जातीले —"

वाक्य मी पुरं केलंच नाही. गरजच नव्हती.

प्रतीक्षा दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — आपण चुकीचं तर ऐकलं नाही ना, तसं. ती एक शब्द बोलली असती तर मी उघडी पडले असते. ती बोलली नाही. का? मोठ्यांपुढे बोलायचं नाही म्हणून? की माझी लाज राखली? मी कधी विचारलं नाही.

"मंग राहू दे," अरुण म्हणाला.

तिनं अकोटलाच बी.ए.ला नाव घातलं. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं, अकोल्याला. नवरा बरा आहे, दोन मुलं आहेत. ती एका साडीच्या दुकानात काउंटरवर उभी असते.

मागच्या वर्षी अकोल्यातच माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. करायला कुणी नव्हतं. प्रतीक्षा मला तिच्या घरी घेऊन गेली. दोन खोल्यांचं घर. पलंग मला दिला, स्वतः मुलांसोबत खाली निजली. मला न्हाऊमाखू घातलं. मी तिथे दोन महिने राहिले.

एकदा अरुण भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, "ताई, तू तवा त्या कॉलेजचं सांगितलं म्हणून बरं झालं. नाई त पोरगी फसली असती."

प्रतीक्षा माझ्या गुडघ्याला पट्टा बांधत होती. तिचे हात थांबले. मान खालीच होती. मी बोलेन म्हणून ती थांबली होती — मला तरी तसंच वाटलं. अरुण समोर होता. मला बोलता येत होतं.

मी म्हटलं, "हो ना."

तिनं पट्टा बांधला. "घट्ट त नाई झाला ना, आत्या?" असं विचारलं आणि भाताचं पाहायला आत गेली.