ढिगावरचा फ्लेक्स

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प कुठे करावा, हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. आई म्हणाली, आमच्या शेडवर ये. तिथे ती पुण्यातल्या घराघरांतून आलेला सुका कचरा निवडते. पुठ्ठा आणि बाटल्या भंगारवाल्याकडे जातात. उरलेली वेफर्सची पाकिटं, चिंध्या, फाटक्या पिशव्या यंत्रात बारीक करून सिमेंटच्या कारखान्यात पाठवतात. तिथल्या भट्टीत ते कोळशाबरोबर जळतं.

पहिल्याच आठवड्यात कारखान्यातून एक ट्रक परत आला. पावसाने माल भिजला होता. मी जरा बिचकतच सुपरवायझरना म्हटलं, ढीग झाकूया. एका नेत्याच्या वाढदिवसाचे मोठे फ्लेक्स कचऱ्यातच आले होते, तेच ढिगावर पांघरले. नवा माल कोरडा राहिला आणि मी दोन दिवस फार खुशीत होते.

पुढचा ट्रकही परत आला. या वेळी कारण निराळं होतं: मालात क्लोरीन जास्त. त्याने भट्टीत थर साचतात आणि ती तुंबते. आणखी एक ट्रक असा निघाला तर माल घेणंच बंद, असं कारखान्याने कळवलं. तसं झालं असतं तर आईचं आणि तिच्याबरोबरच्या बायकांचं काम गेलं असतं.

कॉलेजात शिकलेली एक साधी परीक्षा मला आठवली. तांब्याची तार तापवून प्लास्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते. स्पिरिटचा दिवा घेऊन मी शेडच्या दारात बसले. पाकिटं झाली, पिशव्या झाल्या, पण हिरवं काही दिसेना. आई बघत उभी होती. तिने ढिगाच्या कडेला लोंबणारी एक पट्टी ओढून माझ्यापुढे धरली. तिच्यावर नेत्याचे जोडलेले हात होते.

"हे पण बघ की. रोज याचे तुकडे पडतात आणि मालाबरोबर यंत्रात जातात."

ज्योत हिरवीगार झाली.

"साहेबांना सांगशील ना?" आईने विचारलं.

मी गेले आणि सांगितलं. फ्लेक्स माझ्याच सांगण्यावरून घातला होता, हेही सांगितलं. सुपरवायझरनी पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"चौक अडवून झाले, आता भट्टीपण," ते म्हणाले. "बरं, ताडपत्री चालेल का, तेवढं बघा मॅडम."

मी ताडपत्रीचा कोपरा कापून तपासला. ज्योत बदलली नाही. मग बायकांबरोबर बसून सगळा ढीग उपसला, फ्लेक्सची चिंधीन् चिंधी वेचली. तिसरा ट्रक परत आला नाही.

अहवालातून ही चूक गाळ, गुण जातील, असं आमच्या सरांनी प्रेमानेच सुचवलं. मी गाळलीही. पण छापायला देताना ते पान पुन्हा आत घातलं. ढीग भिजायला लागला की दुसऱ्या शेडवरही कोणीतरी आधी फ्लेक्सच शोधणार, याची मला खात्री आहे.