कुजबुजीची परीक्षा

माझी मुलगी चौथीत होती, त्या वर्षी तिच्या शाळेने वार्षिक प्रदर्शनासाठी विषय दिला होता, जगापुढचे प्रश्न. मुलांनी गट करायचे, एक प्रश्न घ्यायचा, त्याचा स्वतः शोध घ्यायचा आणि परीक्षा संपल्या की पालकांसमोर मांडायचा. शाळा कासारवाडीतच, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. मुलीच्या मनात समुद्रातलं प्लास्टिक होतं. पण ते सगळ्यांनाच हवं होतं, म्हणून बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या गटाच्या वाट्याला आलं ध्वनिप्रदूषण.

ती रडवेली होऊन घरी आली. "आई, आवाज दिसतच नाही. मी चित्र कशाचं काढू?"

मी नुसती खिडकी उघडली. आमच्या घराच्या एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला उड्डाणपूल, आणि खाली तळमजल्यावर लेथ मशीनचं वर्कशॉप. तिने एकदा बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसली. "हे तर आपल्याच घरात आहे की."

बाईही हौशी होत्या. शाळेत मुलांची तपासणी करायला डॉक्टर आले होते, तेव्हा त्यांच्याकडून बाईंनी या गटाला एक साधी परीक्षा शिकवून घेतली. माणसाला पाठमोरं बसवायचं, त्याने एक कान बोटाने बंद करायचा, आपण हातभर मागे उभं राहून हळूच एक शब्द कुजबुजायचा आणि त्याने तो मोठ्याने सांगायचा. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, असं बाईंनी दहा वेळा बजावलं होतं. पण चौथीतल्या मुलांना एवढं पुरे होतं. आठवडाभर हिच्या गटाने गल्लीत कुणालाही सोडलं नाही. भेंडी, रिक्षा, चांदोबा, असले शब्द जिन्यात, गच्चीवर, किराणा दुकानात ऐकू येत होते. आमची घरमालकीण इथल्या जुन्या गावकऱ्यांच्या घराण्यातली. ती पाठमोरी बसली आणि सगळे शब्द धडाधड सांगून मोकळी झाली. "मला समदं ऐकू येतंय, पोरी. वरच्या मजल्यावरची भांडणंबी."

वरचा मजला म्हणजे आम्हीच.

खरं तर भांडणंही आता होत नव्हती. माझा नवरा चाकणला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये काम करतो. पत्रा दाबून त्याचे भाग काढणारी ती मोठी मशिनं. सकाळी नाशिक फाट्यावर कंपनीची बस येते, तिने जातो आणि संध्याकाळी परततो. मूळचा परभणीकडचा, बोलका माणूस. लग्न झालं तेव्हा याच्या गप्पांनी मी थकायचे. पण गेलं वर्षभर तो गप्प झाला होता. मी पिंपरी कॅम्पात कापडाच्या दुकानात काम करते. दिवसभरात गिऱ्हाइकांच्या नाना तऱ्हा बघायला मिळतात, त्या घरी येऊन सांगायची माझी सवय. आताशा मी सांगत असले की तो भलतीकडेच बघत असायचा. कधी मध्येच "हं, हं" म्हणायचा, तेही चुकीच्या जागी. एकदा मी आईच्या गुडघेदुखीचं सांगत होते, तर हा म्हणाला, "चांगलं झालं." मी ताट तसंच ठेवून उठले होते.

सांगवीला माझी मोठी बहीण राहते. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "पुरुष असेच होतात गं. सवय करून घे." मी सवय करून घ्यायला लागले होते. दुकानातल्या गोष्टी दुकानातच ठेवून यायचे.

आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या गुरुवारी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर टाकून बापाच्या मागे लागली. "पप्पा, आता तुम्हीच राहिलात."

"मला कशाला? मला चांगलं ऐकू यायलंय की."

"मग बसा ना."

तो बसला. मी शेजारी मेथी निवडत होते. त्याने डावा कान बंद केला, मुलगी मागे उभी राहून कुजबुजली, "मांजर."

"गाजर," तो म्हणाला. आम्ही दोघी हसलो, तोही हसला. पुढचा शब्द त्याला बरोबर आला, त्यापुढचा चुकला. मग त्याने उजवा कान बंद केला. मुलगी पुढे वाकली आणि म्हणाली, "पतंग."

तो काहीच बोलला नाही. समोरच्या भिंतीकडे बघत शांत बसून राहिला. मुलगी थांबली. मीही थांबले. मग तो म्हणाला, "बोल की. किती वेळ लावायलीस?"

"पप्पा, मी बोलले."

मी मेथी खाली ठेवली. मुलीने पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं. मग आणखी मोठ्याने. तो तसाच वाट बघत बसला होता, परीक्षा सुरू व्हायची आहे अशा चेहऱ्याने. शेवटी मुलगी समोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून त्याला कळलं. तो उठला, "बास झाला खेळ," म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

मला आधी भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात दुसरंच काहीतरी उजळलं. बसमध्ये, जेवायला बसताना, सोफ्यावर, मी नेहमी त्याच्या डाव्या बाजूला असते. वर्षभर मी ज्याला सांगत होते, त्याच्यापर्यंत ते पोचतच नव्हतं. म्हणजे त्याचं माझ्यावरून मन उडालं नव्हतं. मी ओट्यापाशी जाऊन पाठ फिरवून उभी राहिले, कारण मुलीला माझं रडणं दिसायला नको होतं, आणि ते रडणं वाईटही नव्हतं.

तासाभराने तो परत आला. मी त्याच्या उजव्या बाजूला बसले.

"किती दिवस झालेत?"

"मागच्या उन्हाळ्यापासून कमी कमी व्हायलंय," तो म्हणाला. "लोकांच्या तोंडाकडं बघून कळतं मला. चालून जातं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"कंपनीत मेडिकल होतं दरवर्षी. कळलं तर मशीनवरून काढतील. मशीनवरून काढलेला माणूस कुठं ठेवतात, सांग बरं?" मग म्हणाला, "आणि तुलाबी काय सांगू? बहिरा नवरा म्हणून?"

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "पप्पा, मी तुमचं काही चार्टवर लिहिणार नाही. पण आपण डॉक्टरकडे जाऊ या ना."

माझ्या सांगण्याने तो गेला असता असं मला वाटत नाही. तो तिच्यासाठी तयार झाला.

पुढच्या गुरुवारी मी दुकानातून रजा घेतली आणि आम्ही पिंपरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला, कान-नाक-घशाच्या विभागाबाहेर बाकावर बसलो. त्याने माझा हात धरला नाही, पण पिशवीचा एक बंद धरून ठेवला होता, दुसरा माझ्या हातात होता. मी मनात सगळे हिशेब मांडून झाले होते. कानातलं मशीन लागेल, नोकरी जाईल, मग गावाकडे परतावं लागेल, मुलीची शाळा सुटेल.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने कानात दिवा धरून पाहिलं, आणखी वाकून पाहिलं आणि विचारलं, "काका, कानात कापूस घालता का?"

"घालतो. मशीनवर असताना."

"आणि काढता का?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी तिचा प्रश्न त्याच्या उजव्या कानापाशी पुन्हा सांगितला. "काढतो की," तो म्हणाला.

"सगळा नाही काढलात."

तिने थेंब लिहून दिले आणि चार दिवसांनी बोलावलं. त्या दिवशी कोमट पाण्याची पिचकारी मारून तिने डाव्या कानातून जे काढलं, ते मी जन्मात विसरणार नाही. दगडासारखा घट्ट मळ, आणि त्याच्या मागे काळा झालेला कापसाचा बोळा. कोण जाणे कधीचा. तिने चिमटा ट्रेमध्ये टाकला आणि माझा नवरा खुर्चीतून उडालाच. "ओ मॅडम, हळू ठेवा की!"

डॉक्टर हसली. मीही हसले, आणि मग तोही हसला, डोळे पुसत.

नंतर एका बंद खोलीत त्याची नीट तपासणी झाली. उजव्या कानातही मळ होता, तो काढला होता. पण दोन्ही कानांना मशिनांच्या आवाजाने थोडी झीज झालेली होती. बारीक, टोकदार आवाज त्याला जरा कमी येतात, आणि ते परत येणार नाहीत, असं डॉक्टरने स्वच्छ सांगितलं. "पण कानातलं मशीन वगैरे काही लागणार नाही. कापूस बंद. कानावर लावायचं इअरमफ मिळतं, ते रोज लावायचं. म्हणजे आहे तेवढं राहील."

दुसऱ्या दिवशी त्याने सुपरवायझरला सगळं सांगितलं. सगळे उतरून गेल्यावर तो बसमधून खाली उतरला, हे त्याने मला नंतर सांगितलं. सुपरवायझरने ऐकून घेतलं, स्टोअरमध्ये फोन केला आणि इअरमफ मागवून त्याच्या हातात दिलं. "भाऊ, हे पडूनच असतंय. गरम होतं म्हणून कोणी घालत नाही. तू घाल." एवढंच. मशीन तेच राहिलं, शिफ्ट तीच राहिली. ज्या गोष्टीला भिऊन तो वर्षभर गप्प बसला, ती घडलीच नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेचा हॉल खच्चून भरला होता. मुलीच्या गटाने शहरातल्या आवाजांची चित्रं काढली होती, जगातली गोंगाटाची शहरं नकाशावर दाखवली होती, आणि टेबलासमोर एक खुर्ची पाठमोरी ठेवली होती. लोक हसत हसत बसत होते. माझा नवरा कंपनीच्या गणवेशातच आला आणि रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा मुलगी क्षणभर अडखळली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती हळूच म्हणाली, "फुगा."

"फुगा," तो म्हणाला. पुढचाही बरोबर. मग आला "शिट्टी," तो त्याला आला नाही. तो वळून जमलेल्या लोकांकडे बघत म्हणाला, "हा मला येत नसतो. प्रेस शॉपमध्ये आहे मी. कानात कापूस घालायचो." आणि मग त्याने सगळं सांगितलं, बोळ्यासकट. मुलं "ईऽऽ" करून ओरडली. मुलीने लाजून तोंड झाकलं, पण बोटांच्या फटीतून ती त्याच्याकडेच बघत होती.

गर्दी पांगल्यावर एक माणूस, त्याच्याही अंगात कुठल्याशा कारखान्याचा गणवेश होता, जवळ आला आणि दबक्या आवाजात विचारू लागला, "राव, तो दवाखान्यातला विभाग कितव्या मजल्यावर आहे?"

माझ्या नवऱ्याने त्याला जिन्यापासून बाकापर्यंत सगळं समजावून सांगितलं, कुठल्या खिडकीवर गर्दी कमी असते तेही. मी आणि मुलगी हॉलच्या दारात थांबलो होतो. त्याचं बोलणं काही संपेना. मुलगी कंटाळून म्हणाली, "आई, चल ना, भूक लागली."

"थांब," मी म्हटलं. "बोलू दे त्यांना."