जंगलाचे कपडे

महाडला मी जिच्याकडे ब्लाउज शिवायला टाकते, ती भाभी मशीन चालवतानाही फोनवर असते. नागपूरकडच्या जंगलाजवळच्या खोल्यांची चौकशी चाललेली असते. "कोंबडी हलाल मिळंल? नाय तर चूल तरी द्याल? नमाजाला जागा हाय? भाव कमी करा, पाच माणसं हाव आमी." फोन ठेवून मला म्हणते, "वाघापेक्षा खोलीवालाच जास्त खातो गो!"

वाघ बघायला सगळ्यांनी एकदम जायचं, हा तिचा हट्ट. जंगलात भडक रंग नको म्हणून तिने घरच्यांना मातकट हिरवे कपडे शिवून ठेवलेत. पण नवरा कुवेतला. त्याला रजा मिळते ती पावसाळ्यात, तेव्हा जंगल बंद. मग दर वर्षी भाभी मुलांच्या कपड्यांची शिवण उसवून ते वाढवते.

यंदा रजा थंडीत मिळाली, पण थोरल्या मुलीच्या लग्नापुरतीच. लग्न उरकल्यावर परवा गेले तर भाभी थोरलीचा हिरवा कुर्ता धाकटीच्या मापाने कापत होती.

मी म्हटलं, "भाभी, पुढच्या वर्षी थोरलीलापण न्या की."

"सासरच्यांना इचारून?" ती म्हणाली, आणि कात्री पुढे चालवली.