चकल्यांचा डबा घेऊन हेरगिरी

आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि जूनअखेर फ्लॅट रिकामा करा, असा निरोप आला. मुलीचं दहावीचं वर्ष, शाळा इथे आखातातच, ईसा टाउनला. पुन्हा भाड्याने राहायचं आणि पुन्हा कुणाच्या तरी लग्नाला घाबरायचं, हे मला नको होतं. विकत घ्यायला परवडेल असा एकच फ्लॅट सापडला होता, मूळच्या वसईच्या एका नर्सबाईंचा.

नवरा अकाउंटंट. किंमत ऐकली की त्याच्या पोटात दुखतं. म्हणाला, "चौथा हिस्सा कमी सांगू. पण त्या का विकतायत ते आधी कळू दे. नड असली तर देतील." ते काढून आणायचं काम अर्थातच माझं. म्हणे बायकांना जमतं. ह्याला स्वतःला शेजाऱ्याचं आडनाव अजून माहीत नाही.

मी चकल्या तळल्या, डबा भरला आणि गेले. पडदे उतरवलेले, भिंतीला खोकी लागलेली. घाई आहे तर, मी मनात म्हटलं. समोरच्याचं काढायचं तर आधी आपलं थोडं सांगावं लागतं, एवढी अक्कल मला आहे. म्हणून थोडं सांगितलं. बाईंनी चहा दिला आणि एवढंच म्हणाल्या, "मग?"

मग काय, लग्न सांगितलं, जून सांगितला, दुसरं घर मिळत नाही तेही सांगितलं. नवऱ्याचा चिकटपणा, माझी पाठ. मध्येच डोळे पुसले. हेरगिरीला जाऊन रडणारी मीच पहिली असेन. निघताना कुठे आठवलं, तेव्हा विचारलं, "तुम्ही का विकताय हो?"

"वसईला जायचंय कधीतरी. घाई नाय." पडदे धुवायला दिले होते. खोक्यांत चर्चला द्यायचे जुने कपडे होते. खलास.

नवऱ्याने तरीही कमी किमतीचा फोन केलाच. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः डबा परत द्यायला आल्या. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आत केक. म्हणाल्या, "किंमत तीच. पण चावी मेमध्येच घ्या, पोरीचं वर्ष आहे."

सांगितलेल्या किमतीलाच घ्यायचं ठरलं. त्या गेल्यावर नवरा केक खाता खाता म्हणाला, "तू माहिती काढायला गेली होतीस की द्यायला?"

मी डबा घासायला घेतला. इतकी वर्षं झाली इथे येऊन, पण माझं ऐकून "मग?" असं कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही नाही.