लँडमास्टरची मागची काच

नातवाने जुना फोटो मोबाइलवर मोठा केला आणि त्यातल्या मोटारीची पुढची जाळी पाहून म्हणाला, "आजोबा, ये तो लँडमास्टर है."

मला तापलेल्या सीटचा वास आला. आजारी आईला नागपूरच्या दवाखान्यात न्यायला बाबांनी ती गाडी मागून आणली होती. बूढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत मोटार आली म्हणून शेजारच्या फोटोवाल्याने आम्हा सगळ्यांना तिच्यापुढे उभं केलं. आई मागच्या सीटवर आडवी होती.

"मले बी उतरू द्या," ती म्हणाली.

"तू पडून राय. बरी होऊन आली का तुझा काढू," बाबा म्हणाले.

आई परत आलीच नाही. तिचा एकही फोटो नाही. या फोटोतही मागच्या दाराच्या काचेवर नुसतं ऊन चमकतंय.

"काँच पे ये चमक नहीं होती, तो अंदर की सीट भी दिख जाती," नातू हळहळला.

मी मान डोलावत म्हटलं, "हव."